नऊ नंबरची जर्सी

गोलकीपर बाहेर आला होता आणि आडवाही पडला होता. समोर सगळा गोल मोकळा, अंतर आठ पावलांचं, चेंडू दिगाच्या उजव्या पायावर. असला चेंडू दिगा झोपेतसुद्धा जाळीत मारायचा. मी लाइनीबाहेर उभा होतो आणि माझे हात आधीच वर गेले होते. दिगानं मारला, चेंडू बारवरनं पार मागच्या पायऱ्यांत जाऊन पडला. हात वर गेलेलेच होते, त्यांचं काहीतरी करायचं म्हणून मी डोकं खाजवलं.

मग आमच्याच बाजूनं कुणीतरी ओरडलं, "येसबा, मेहुण्याला घरी घेऊन जा आता!" आणि ती सगळी बाजू हसली. हसणारी माणसं आमच्या पेठेतली, माझ्या लग्नात जेवून गेलेली.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो, हे बाहेरच्याला सांगितलं की त्याला खोटं वाटतं. तालीम म्हटली की त्याच्या डोळ्यासमोर लाल माती आणि पैलवान. ते आहेतच, पण पेठेपेठेच्या तालमीची फुटबॉलची टीम असते, आणि पेठेतल्या झाडून सगळ्यांचा जीव त्या टीमवर असतो. आमची जोगेश्वरी तालीम. मी, यशवंत सरनोबत, पेठेचा येसबा, चौदा वर्षं तिथं लेफ्ट बॅक खेळलो आणि गुडघा गेल्यावर कोच झालो. दिवसा शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर, संध्याकाळी मैदानावर. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. आमचा नऊ नंबर, म्हणजे गोल मारायचं ज्याचं काम तो फॉरवर्ड, दिगंबर शिंत्रे. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. गडहिंग्लजचा. चार वर्षांपूर्वी मीच त्याला आणलं, माझ्याच घरात ठेवलं, तालमीत घातलं. पहिल्या तीन वर्षांत त्यानं एवढे गोल मारले की तो बाहेरचा आहे हे पेठ विसरूनच गेली. त्या साली सहा सामने झाले आणि त्याच्या पायातून एक गोल होईना, तेव्हा पेठेला सगळं आठवलं.

तो सामना सेमीफायनलचा होता. शेवटच्या पाच मिनिटांत आमचा कॅप्टन रफिक मुजावर यानं डोक्यानं गोल केला म्हणून निभावलं. रविवारी फायनल, उत्तरवेस तालमीशी. नऊ वर्षांनी आम्ही फायनलला आलो होतो. पेठेत साखर वाटली, आणि मी घरी गेलो तो मान खाली घालून.

घरी शालननं, माझ्या बायकोनं, दोघांना वाढलं. दिगानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच फिरवत बसला. "आज जिंकलाय न्हवं?" शालन म्हणाली. "मग चेहरे असले का तुमचे?" ती माझ्याकडं बघत राहिली, मी पाणी प्यालो.

जेवण झाल्यावर दिगा गच्चीवर गेला. मीही मागनं गेलो. खरं तर मला एका जागी बसवतच नव्हतं. माझा स्वभावच तसा. काळजी लागली की माझे पाय आपोआप चालायला लागतात. मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो आणि दिगा कठड्याला टेकून उभा होता.

"दाजी, सहा मॅच झाल्या," तो म्हणाला.

"मोजतोस कशाला?"

"मी कुठं मोजतोय? पेठ मोजतीया. दाजी, मला माझंच कळंना झालंय. पाय म्हणतोय मार, डोकं म्हणतंय थांब. तवर बॅक येऊन टपकतोय."

"होतं असं. सगळ्यांचं होतं."

"तुमचं झालेलं?"

"मी बॅक, मर्दा. मला गोल मागणार कोण?"

तो जरासा हसला. मग म्हणाला, "तुम्ही बघा आणि सांगा. तुमच्याइतका माझा खेळ कुणी बघितलेला न्हाई. माझ्यात काय राहिलं नसंल तर तसं सांगा. तुम्ही 'संपलं' म्हणाला, तर मी बूट सोडतो आणि बाबांच्या दुकानात जाऊन बसतो. लोकांचं न्हाई ऐकणार मी. तुमचं ऐकणार."

"सव्वीस वर्षांचा झालास, पण बोलतोस म्हाताऱ्यासारखं," मी म्हणालो. "बघून सांगतो. जा, झोप."

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर साच्यांवर काम करणारा एक बहाद्दर टोपी काढून पुढं आला. "साहेब, रविवारी सासऱ्यांना पण घेताय म्हणं टीममध्ये? बॅकला एक जागा हाय न्हवं." सगळं शेड हसलं. मीही हसलो. काय करणार? हसलो नसतो तर आणखी लागलं असतं. संध्याकाळी चौकात आलो, तर तालमीच्या दारातल्या काळ्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलेलं, 'सासुरवाडी इलेव्हन'. मी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं. शुक्रवारी सकाळी परत लिहिलेलं होतं, आणि या खेपेला अक्षरं मोठी होती.

शुक्रवारी तालमीचे अध्यक्ष इंगवले तात्या मला हॉटेलात घेऊन बसले. तात्या सत्तरीचे, धोतर-कोट, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी दोन चहा सांगितले. मी बशी फिरवत होतो.

"येसबा, मी तुला काय सांगत न्हाई," ते म्हणाले. "टीम तुझी, डोकं तुझं. पण लोकं बोलायला लागलीत."

"लोकं बोलणारच, तात्या."

"तुझ्या वडलांनी या तालमीच्या विटा डोक्यावरनं आणल्या. त्यांचा फोटो आत लावलाय. त्या घरानं घरचं माणूस घुसडलं, असं बोलणं ह्या पेठेत आजवर कुणी ऐकलेलं न्हाई. एवढंच." त्यांनी चहा संपवला. "बसव म्हणत न्हाई मी. रविवारी खेळला आणि गोल मारला, तर कोण काय बोलंल? पण न्हाई मारला तर येसबा, मग तुला तालमीत यायला तोंड राहणार न्हाई. मला पण राहणार न्हाई."

रस्त्यात रफिक भेटला, सायकल हातात धरून. रफिक आमचा मधल्या फळीतला, डोक्यानं थंड. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, खुळं झालंय पब्लिक. दिगा दोन-दोन बॅक अंगावर घेऊन बाजूला जातोय, म्हणून मला मधी जागा गावती. परवाचा माझा गोल कसा झाला? दोघं दिगाच्या मागं पळालेले. त्यानं गोल न्हाई मारला तरी चालतंय मला. तुम्ही घ्या त्याला."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. त्यात काय नवीन हाय?" तो सायकलवर बसला. रफिकचं बरं होतं. तो कुणाचा मेहुणा नव्हता.

त्या रात्री झोप म्हणून लागली नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला उठलो तर दिगाचं अंथरूण रिकामं. मी चपला घातल्या आणि मैदानाकडं चालायला लागलो. आमच्या सरावाच्या मैदानाला एका बाजूनं जुनी दगडी भिंत आहे, छातीइतकी उंच. मी तिच्यापाशी आलो आणि तिथंच थांबलो. आत रफिक आणि दिगा दोघंच होते. फटफटलेलं होतं, गवतावर दव. रफिक उजव्या कोपऱ्यातून चेंडू आत टाकत होता आणि दिगा पळत येऊन मारत होता.

पहिला जाळीत गेला. दुसरा पोस्टला लागून आत. तिसरा त्यानं उडत्या चेंडूवर डाव्या पायानं मारला, खाली, कोपऱ्यात. मी मोजायला लागलो. बारातले अकरा. पण मोजण्यात काही नव्हतं. रिकाम्या गोलात अकरा कुणीही मारेल. मी त्याचं पाऊल बघत होतो. दीड महिना तो चेंडूपाशी येऊन अर्धं पाऊल थांबायचा, त्या अर्ध्या पावलानंच घोटाळा होत होता. आज ते पाऊल नव्हतं. येतोय, मारतोय, वळतोय. पहिल्यांदा गडहिंग्लजच्या मैदानावर मी त्याला बघितला होता, एकोणीस-वीस वर्षांचा, त्या दिवशी जसा मारत होता तसा. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले म्हणालो तरी चालेल, आता लपवायचं कुणापासून? वाटलं भिंतीवरून उडी मारावी आणि त्याच्या पाठीत एक थाप घालावी.

उडी मारली नाही. गुडघ्याचं निमित्त होतं. मी म्हटलं, आता सांगितलं तर हुरळेल. संध्याकाळी यादीतच कळू दे. त्यांनी मला बघितलं नाही. मी आल्या वाटेनं मागं फिरलो, आणि इतका आनंदात होतो की चौकातल्या टपरीवर स्वतःहून चहा सांगितला.

टपरीवर पेठेतली सात-आठ माणसं होती. मी येईपर्यंत जोरजोरात बोलणं चाललेलं. मी आलो आणि सगळे एकदम गप्प झाले. एकजण पेपर वाचायला लागला. एकजण आभाळाकडं बघत बसला. मी लहान असताना ज्यांच्या खांद्यावर बसून मॅच बघितल्या, त्या बापू घाटग्यांनी माझ्याकडं बघितलं आणि उठून निघून गेले, अर्धा चहा तसाच टाकून. कुणी शिवी दिली असती तर मी परत दिली असती. ते उठून गेले त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या पेठेत माझा जन्म झाला, तिथंच मरायचं होतं. मला दुसरी पेठ नव्हती.

संध्याकाळी पाचला तालमीत बैठक बसली. तात्या, रफिक, दोन जुने खेळाडू आणि मी. माझ्या पाठीमागं भिंतीवर वडलांचा फोटो. दहा नावं पाच मिनिटांत झाली. नऊ नंबरला आलो आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

रफिक आधी बोलला. "दिगा सुटलाय. सकाळी मी स्वतः बघितलं. चेंडू कसा मारतोय म्हणून सांगू! आधीचा दिगा हाय त्यो."

"तू त्याचा दोस्त," एक जुना खेळाडू म्हणाला. "तू तेच बोलणार."

तात्या माझ्याकडं वळले. "येसबा, तू सांग. तू बघितलास का त्याला? तू म्हणालास 'सुटला', तर विषय मिटला. पेठेचं मी बघतो. तुझ्या शब्दावर घेतो त्याला."

आता एवढं सरळ विचारल्यावर उत्तर काय अवघड होतं? एका शब्दाचं काम. पण मला टपरीवरचा तो अर्धा कप दिसत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "मी काय बघितलं न्हाई. आणि रिकाम्या मैदानावर मारणं वेगळं, फायनल वेगळी. किरणला घ्या."

किरण पाडळकर पेठेतलाच, पळायला वेगवान, पण मोठ्या सामन्याचा अनुभव नाही. मग तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्याला म्हणायचं छाती. घरचा माणूस असून बसवला. वडलांचं नाव राखलंस." रफिक उठून दाराशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला.

आता आमच्या तालमीची एक रीत सांगायला पाहिजे. जर्सी पूर्ण हंगामभर खेळाडूच्या घरी असते. घरची बाई ती धुते, वाळवते. फायनलला एखाद्याला बसवायचा असला की यादी फळ्यावर लागण्याआधी कोचनं स्वतः त्याच्या घरी जायचं आणि जर्सी परत आणायची. खेळाडूकडं मागायची नाही, घरच्या बाईकडं मागायची. कुणा एकानं फार वर्षांपूर्वी रागानं जर्सी फाडली होती म्हणतात, तेव्हापासून हे असं. उंबऱ्याबाहेर उभं राहून मागायचं, घरातल्या बाईनं पाणी द्यायचं, आलेल्यांनी ते प्यायचं, मग जर्सी घ्यायची. पाणी प्यालं की कुणी कुणावर राग ठेवायचा नाही. जर्सी गेली की तो माणूस त्या सामन्यापुरता बाहेर; राखीव म्हणूनसुद्धा मैदानात उतरत नाही.

तर मी माझ्याच घरी गेलो. सोबत तात्या आणि रफिक. दार उघडंच होतं, पण रीत म्हणजे रीत. मी उंबऱ्याबाहेर थांबलो आणि कडी वाजवली. मागं गल्लीतली दहा-बारा माणसं जमली होती.

शालन पदराला हात पुसत आली. "आवं, कडी कशाला वाजवताय, आत या की," म्हणाली, आणि मग तिला मागचे दोघं दिसले. इतकी वर्षं ती ह्या तालमीच्या घरात होती. तिला सांगावं लागलं नाही. पण तिनं मला सोडलं नाही.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं.

"जर्सी द्या," मी म्हणालो. असंच म्हणायचं असतं, अहो-जाहो करून.

"कुणाची?"

"शालन, माहीत हाय तुला."

"न्हाई माहीत. ह्या घरात कुणाला बसवायसारखा खेळाडू हाय मला म्हाईत न्हाई. नाव सांगा."

मागं कुणीतरी खाकरलं. "नऊ नंबर," मी म्हणालो. "दिगंबर शिंत्रे."

ती जागची हलली नाही. तेवढ्यात आतून दिगाच बाहेर आला. जर्सी त्याच्या हातात होती, इस्त्री केलेली, घडी घातलेली. सकाळच्या सरावानंतर त्यानं स्वतःच इस्त्री केली असणार. त्यानं ती शालनच्या हातात दिली. "आक्का, दे. दाजींनी काय तरी बघितलं असंल माझ्यात. उगंच न्हाई बसवायचे ते."

शालन आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. तात्यांना पाणी दिलं. रफिकला दिलं. मी हात पुढं केला.

"तुम्ही घरातलेच की," ती म्हणाली. "आत येऊन प्या, तहान लागली असंल तर." आणि जर्सी माझ्या हातावर ठेवून आत गेली.

फायनलचं काय सांगू? आम्ही जिंकलो. दोन-शून्य. पहिला किरणनं मारला, सत्ताविसाव्या मिनिटाला, आणि तोही कसा? त्यांच्या बॅकच्या पायाला लागून. पण गोल तो गोल. दुसरा रफिकनं पेनल्टीवर. दिगा साध्या शर्टात बाकाच्या टोकाला बसला होता, किरणचा गोल झाल्यावर सगळ्यांत आधी उठून नाचणारा तोच होता. हाफटाइमला त्यानं किरणला बाजूला घेतलं आणि हातवारे करून काहीतरी समजावत होता, बॅक कुठल्या बाजूला कच्चा आहे वगैरे. मी बघत होतो. मला सारखं वाटत होतं ह्यानं एकदा तरी माझ्याकडं रागानं बघावं. तो बघायचा आणि अंगठा दाखवायचा.

शिट्टी झाली आणि पेठ मैदानात घुसली. मला खांद्यावर घेतलं. गुलाल नाकातोंडात गेला. बापू घाटगे रडत होते, माझ्या पायाला मिठी मारून म्हणत होते, "येसबा, चुकलो मर्दा, तुला वळखलं न्हाई." फळ्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझं नाव लिहिलं, रंगीत खडूनं, भोवती वेलबुट्टी काढून. आठवडाभर ते तसंच होतं. पेठेत अजून कुणाचा वाद लागला, की माझा दाखला देतात. येसबानं सख्खा मेहुणा बसवला होता फायनलला, म्हणतात, न्याय असा पाहिजे. एकदा तर शाळेच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावून हेच सांगायला लावलं. मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी उशिरा उठलो. दिगाच्या खोलीत तो बॅग भरत होता. चार दिवस गडहिंग्लजला जाऊन येतो म्हणाला, आई आठवण काढतेय. मी म्हटलं, जा की, विश्रांती घे. बाहेर सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, तात्या आणि पेठेतले पाच-सहाजण हार घेऊन येऊन बसले होते. त्यांना चहा करायला शालन स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये नुसता पडदा.

मी जायला वळलो तर दिगा म्हणाला, "दाजी, एक विचारू?"

"विचार."

त्यानं बॅगेची चेन लावली, परत उघडली. "शनिवारी सकाळी मला वाटलं, सुटलो. रफिकनं बॉल टाकले, मी मारले. पाय थांबत नव्हता. रफिक पण म्हणाला. पण रफिक दोस्त हाय, त्यो म्हणणारच. आणि मला स्वतःला जे वाटतंय, त्याचा मी दीड महिना झाला भरवसाच धरलेला न्हाई. म्हणून तुम्हाला विचारतोय. त्या दिवशी गच्चीवर तुम्ही म्हणालेला, बघून सांगतो. मग बसवलंत. जिंकलोय आता, कुणाचं काय वाईट व्हायचं न्हाई. खरं सांगा. मी खरंच संपलोय का?"

भांड्यांचा आवाज थांबला. पडद्यापलीकडं शालन उभी होती, मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. बाहेर सोप्यावर तात्या कुणाला तरी सांगत होते, घरचा माणूस असून बसवला, छाती लागती त्याला. मी तोंड उघडलं. मी भिंतीपाशी उभा होतो, बारातले अकरा मोजले, आणि तुझं ते पाऊल बघितलं, एवढं म्हणायचं होतं. ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग का बसवलंत? त्याचं उत्तर पडद्यापलीकडं ऐकू गेलं असतं, आणि सोप्यावरसुद्धा.

"हो," मी म्हणालो. "मला तसं वाटलं."

त्यानं मान हलवली. एकदाच. मला वाटलं भांडेल, निदान 'कशावरून' म्हणून विचारेल. तो पुढं आला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

"बरं झालं तुम्ही सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी खेळतच राहिलो असतो."